राजवाड्याची ओटी

रायतळ्याचा राजवाडा दर वर्षी शिमगा झाला की उत्तरेला जातो आणि दिवाळी उलटून थंडी पडली की परत येतो. तळ्यावरचे पक्षी ज्या सुमाराला जातात त्याच सुमाराला तोही जातो. पक्षी आधी, राजवाडा मागून. अंगानं जड आहे, त्याला निघायला वेळ लागतो.

तो उडतो म्हणायचं की उठतो म्हणायचं, यावर गावात एकमत नाही. मी बघितलंय त्यावरनं सांगते. गुडघे धरलेली बाई जमिनीला हात टेकून उठते ना, तसा तो उठतो. आधी मागची बाजू, मग पुढची. मधे जरा दम खातो. मग जातो. त्याची सावली पहिली वरच्या आळीवर पडते. तिथल्या बायका वाळत घातलेले पापड तेवढ्यापुरते आत घेतात आणि सावली सरकली की परत पसरतात.

बाहेरची माणसं रायतळ्याला येतात ती अभयारण्य बघायला. गळ्यात दुर्बिणी, डोक्यावर टोप्या, आणि एकमेकांशी असं हळू बोलतात की जणू घरात कोणी आजारी आहे. थंडीत आली तर राजवाडाही बघून जातात. उन्हाळ्यात आली तर स्टँडवर पाटी असते, राजवाडा सध्या येथे नाही. कोणी तक्रार करत नाही. करून काय सांगणार? पक्षी तरी कुठं असतात तेव्हा.

आधी राजवाडा जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या खात्याकडं होता. पण अर्धं वर्ष जागेवर नसलेली वास्तू सांभाळायची कशी, हे त्यांना उमगेना. म्हणून त्यांनी तो वन खात्याला देऊन टाकला. वन खात्यानं त्याच्या एका बुरुजाला कडी घातली. बदकांच्या पायात घालतात तसलीच, वर नंबर घातलेली. फक्त एवढी मोठी मिळेना, म्हणून लोहाराकडनं करून घेतली.

तुम्ही म्हणाल, म्हातारे, तुझा काय संबंध? तर माझी बहीण त्या राजवाड्यात आहे.

बायजा माझ्या पाठची. लग्नाच्या वयाची होती तेव्हा राजवाड्यात झुंबरं पुसायच्या कामाला गेली. त्या साली ऊन लवकर तापलं आणि राजवाडा रोजच्यापेक्षा आधी निघाला. बायजा शिडीवर होती. काम सोडून खिडकीतनं बघायची तिला सवय नाही. ती म्हणते, "खाली बगितलं तर नदी हुती, आन ती आपली नव्हती."

दिवाळीनंतर आली. अंगानं भरली होती आणि बिनदुधाचा चहा प्यायला शिकली होती. आईनं ठरवलं, हिच्याशी आता बोलायचंच नाही. ते ठरवणं रात्रीच्या जेवणापर्यंत टिकलं. पुढचा शिमगा आला तेव्हा आईनं विचारलं, "जातीस का काय आता परत?"

बायजा म्हणाली, "झुंबरं निम्मीच पुसून झाल्यात."

ती झुंबरं अजून चालू आहेत. मधल्या काळात माझं लग्न झालं, पोरं झाली, मालक गेले, पोरं पुण्याला गेली. थंडी पडली की मी पिशवी भरते आणि आमच्या कळंबीवरनं एस.टी.नं रायतळ्याला येते. दिवसभर बायजापाशी बसते. दिवस मावळला की राजवाड्यातनं बाहेर पडावं लागतं, तसा नियम आहे. मग मी मुक्कामाला आईसाहेबांकडं जाते.

आईसाहेब म्हणजे राजांच्या मागं राहिलेल्या राणीसाहेब. त्यांना उंचावर घेरी येते, म्हणून त्या राजवाड्याबरोबर कधी गेल्या नाहीत. एका पतसंस्थेच्या वर दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहतात. थंडीत रोज सकाळी तिकीट काढून आपल्या घरात जातात. म्हाताऱ्या माणसांना तिकिटात सवलत आहे, याचं त्यांना फार कौतुक.

यंदा राजवाड्याच्या पायऱ्या चढताना मला मधेच बसावं लागलं. वरनं बायजा ओरडली, "आक्का, बसू नगं तितं, दगड गार हाय." मी बसल्या बसल्या वर बघितलं. तिच्या हातात फडकं होतं, केस सगळे पांढरे, आणि ती माझ्याकडं वाकून बघत होती. माझ्या मनात आलं, पुढच्या दिवाळीनंतर हा राजवाडा परत येईल. बायजा येईल. ह्या पायऱ्याही येतील. मी असेन का, हे काही मला कोणी सांगत नाही.

त्या पायरीवरच मी ठरवलं की बायजाला यंदा जाऊ द्यायचं नाही.

आधी सरळ विचारलं. आपण सरळ माणसं.

"बाये, ऱ्हा की आता खाली. घरात दोन खोल्या हायत. एकीत शेळी हाय, एक मोकळी."

"शेळी कंच्या खोलीत?"

"तुला आवडंल ती तू घे. उरंल ती शेळीला."

"झुंबरं ऱ्हायल्यात, आक्का."

"मरू दे ती झुंबरं. किती वर्सं पुसतीस?"

"शेवटचं पुसून हुतंय तवर पयल्यावर धूळ बसती. त्याला मी काय करू?"

मग मी वन खात्याच्या साहेबाकडं गेले. खरमाटे त्याचं नाव. पोरगेला, पण कपाळाला आठ्या मोठ्या माणसाच्या. टेबलावर पक्ष्यांची चित्रं मांडलेली होती, आणि त्यात शेवटी राजवाड्याचंही होतं, एका बाजूनं काढलेलं.

"साहेब, माझी बहीण तेवढी उतरवून द्या."

"राजवाड्यातनं?"

"न्हाईतर कुठनं?"

त्यानं पेन खाली ठेवलं. "आजी, स्थलांतर करणाऱ्या जिवाच्या अंगावरचं काही काढता येत नाही. पीस उपटल्यासारखं होतं ते. त्याला शिक्षा आहे."

"ती पीस न्हाई. बायजा हाय."

"एवढी वर्षं जे त्याच्याबरोबर जातं-येतं, ते आम्ही पिसातच धरतो."

"आन एस.टी. जाती-येती ती?"

यावर त्यानं थोडा विचार केला. हुशार पोरगा, उगीच बोलायचं म्हणून बोलत नाही. म्हणाला, "ती संध्याकाळी परत येते. त्याला स्थलांतर म्हणत नाहीत."

"मग राजवाडाच जाऊ देऊ नगा यंदा."

"ते आमच्या हातात नाही. ओटी भरली की तो जातो. ओटी नाही भरली तर जात नाही. त्यात खातं पडत नाही."

बरोबर होतं त्याचं. मी उठले. माझ्या डोक्यात हे आधी कसं आलं नाही, याचंच मला नवल वाटलं.

रायतळ्यात राजवाड्याला गावची लेक मानतात. जाणाऱ्या लेकीला मोकळ्या पदरानं लावून देत नाहीत. म्हणून रंगपंचमीनंतरच्या शुक्रवारी बायका खालच्या पायरीवर खण अंथरतात, हळदकुंकू वाहतात, तांदूळ घालतात, वर नारळ, सुपारी, हळकुंड ठेवतात. दुसऱ्या दिवशी सकाळी राजवाडा निघतो. एक साल वरच्या आळीनं ओटी भरायची, एक साल खालच्या आळीनं. पाळी कुठं लिहून ठेवलेली नाही. सगळ्यांना तोंडपाठ आहे, मग लिहायचं कशाला?

यंदा पाळी वरच्या आळीची होती. शकू तोडकर तिथली पुढारीण. तिनं खण आणला होता, नारळ सोलून ठेवला होता.

मी काही केलं नाही. खालच्या आळीत मालन गुरव राहते, तिच्या दारावरनं जाताना मी एवढंच विचारलं, "काय मालन, तयारी झाली का?"

"कशाची, आक्का?"

"शुक्रवारची गं." आणि मी पुढं गेले. मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.

शुक्रवारी दोन्ही आळ्यांच्या बायका सुपं घेऊन पायऱ्यांपाशी आल्या. दोघींकडंही नवी कोरी लुगडी, दोघींकडंही नारळ. मी आईसाहेबांशेजारी खुर्चीवर बसले होते.

शकू म्हणाली, "मालन, वाट चुकलीस काय गं? देऊळ तिकडं."

"वाट बरोबर हाय. पाळी आमची हाय."

"गेल्या साली कुणाची हुती?"

"तुमची. म्हनून तर यंदा आमची."

"गेल्या साली तुझ्या सासूनं नारळ आणला न्हवता का? आतनं कुजका निघाला त्यो?"

"कुजका निघाला त्यो तीन सालामागं. आन कुजका निघाला म्हणून तुमी त्यो मोजला न्हाईसा, म्हणून त्याच्या पुढच्या साली परत आमी भरली."

"मग लागोपाट दोनदा तुमी भरली. आता दोनदा आमी."

"का? तुमचा नारळ कुठं कुजका निघाला?"

याच्यावर शकूनं मालनच्या माहेरचं काढलं. ऊन चढलं. कपाळावरचं कुंकू घामानं ओघळायला लागलं. कोणीच मागं हटलं नाही, आणि भांडणात ओटी भरून अपशकुन व्हावा असंही कोणाला वाटत नव्हतं, कारण लेक तर दोघींचीच. शेवटी दोन्ही आळ्या आपापली सुपं घेऊन घरी गेल्या.

आईसाहेब पुढंच बघत म्हणाल्या, "हौसाबाई, आपण हसताय."

"दात न्हाईत, आईसाहेब. त्वांड तसंच दिसतं."

दुसऱ्या दिवशी राजवाडा गेला नाही.

तळ्यावरचे मागं राहिलेले पाहुणे पक्षीही जायला लागले. आधी बदकं गेली, मग लांब मानेचे राजहंस, रांगा धरून, डोक्यावरनं ओरडत. ते राजवाड्यावरनं जायचे तेव्हा त्याच्या सगळ्या खिडक्या एकदम उघडायच्या आणि ते दिसेनासे झाले की एकेक करून मिटायच्या. पाणी आटलं. चिखलावर ढोरं चरायला लागली. राजवाडा तिथंच होता.

मी खूश होते. खोटं कशाला बोलू? उन्हाळ्यात बहीण जवळ असणं म्हणजे काय, हे मला ठाऊकच नव्हतं. रोज सकाळी मी तिच्याकडं काही ना काही घेऊन जायची. कैरीची डाळ, पन्हं, मग बाजारात पहिले आंबे आले तेव्हा आंबा. लक्षात घ्या, बायजानं लग्नाच्या वयापासून आंबा खाल्ला नव्हता. आंब्याच्या दिवसात ती कधी इथं नसायचीच.

तिनं आंबा खाल्ला. कोय चोखली. तोंड पुसलं आणि म्हणाली, "छान हाय."

कोणाच्या घरी गेल्यावर म्हणतात ना, तसं म्हणाली. लहानपणी ही झाडावरच्या माकडाशी आंब्यासाठी भांडली होती.

दरम्यान राजवाडा फिरायला लागला होता. एकदम नाही. रोज रात्रीत थोडा थोडा. त्याचं मोठं दार बाजाराकडं असायचं. ते हळूहळू वळत पोस्टाच्या मागल्या भिंतीकडं झालं, कारण उत्तर तिकडं आहे. पोस्टमन कुरकुरला नाही. भिंतीजवळची सायकल उचलून दुसरीकडं लावली. मग कौलं गळायला लागली. रोज सकाळी आवारात पाच-सात पडलेली असायची. खरमाटे ती उचलून पिशवीत भरायचा.

एकदा मी त्याला विचारलं, "आजारी हाय का त्यो?"

"अजून नाही. पण पावसापर्यंत असाच राहिला तर त्याची सवय मोडेल."

"मोडली तर?"

"मग तो नुसती इमारत होईल." त्यानं कौलांच्या पिशवीचं तोंड बांधलं. "मग परत त्या जुन्या खात्याकडं पाठवावा लागेल."

तो आळ्यांच्या पाया पडून आला होता. शकूनं सांगितलं, मालन माफी मागू दे. मालननं सांगितलं, नारळ मोजू दे. आईसाहेबांनी दोघींना चहाला बोलावलं. दोघी आल्या, चहा पिऊन दोन जिन्यांनी गेल्या. पतसंस्थेला दोन जिने आहेत हेच चुकलं.

बायजानं फडकं खाली ठेवलं होतं. दिवाणखान्याच्या उत्तरेच्या खिडकीत ती पाय पोटाशी घेऊन बसायची. घामाघूम व्हायची, तिला उन्हाची सवय कुठली. पुढ्यात ताट तसंच. मी पंख्यानं वारा घालायची. एका दिवशी मी म्हणलं, "बाये, झुंबरं न्हाई पुसायची?"

"पुसती की. आज न्हाई."

"काय बगतीस तिकडं? पोस्ट हाय निस्तं."

ती म्हणाली, "तिकडं आता बर्फ इतळलं असंल. ती येऊन बसली असंल."

"कोण ती?"

"हाय एक म्हातारी."

इतक्या वर्षांत तिनं हे मला सांगितलं नव्हतं. मी कधी विचारलं नव्हतं. तिकडं थंडी आहे, गवत आहे, माणसं बरी आहेत, एवढ्यावरच आमचं भागायचं.

"नाव काय तिचं?"

"मला म्हणता येत न्हाई. ती मला बाजा म्हणती."

"दिसाया कशी?"

"लाल. भाजल्या रताळ्यागत. डोळं बारीक."

"लई म्हातारी?"

"तुझ्याएवढी. आमी जितं उतरतो तितं गवतात ती आधीच येऊन बसलेली असती, बूड टेकायला घोंगडं घिऊन. यंदा बसून बसून तिच्या पायाला मुंग्या आल्या असतील."

मी पंखा हलवत राहिले. मला त्या बाईचा राग आला होता, ते लपवायला पंखा बरा.

"आन करता काय दोगी? तुला तिची भाषा येत न्हाई, तिला तुजी येत न्हाई."

"बोलायला काय लागतंय? पयल्या दिवशी ती माज्या च्यात मीठ घालती. मी पिते, थुकते, ती पोट धरून हसती. दर साली."

"दर साली फसतीस? येडी का काय तू?"

बायजा पहिल्यांदा माझ्याकडं वळली. हसली. "तुझ्यासंगं न्हाई का फसत?"

पंखा थांबला. लहानपणापासनं मी तिच्या वेणीला खाट बांधली, तिच्या पोळीत दोरा लाटला, भूत म्हणून तिला भ्यायला लावलं. दर वेळी ती फसली. आणि शुक्रवारी दोन आळ्या समोरासमोर उभ्या राहिल्या तेव्हा ती वरनं बघत होती. मालनच्या डोक्यात हे कोणी घातलं असेल, ते तिला तिथंच कळलं असणार. तरी तिनं कोणाला सांगितलं नव्हतं, माझ्यासाठी इथंच राहिली होती. घामानं थबथबली होती, आंब्याला छान म्हणाली होती.

मी उठले. "घाम पूस," म्हणलं, "आन काय बांधाबांध करायची ती कर."

गावात गेले. खण घेतला. लेकीला घेतात तसा चांगला घेतला, हिरवा, लाल काठाचा. तांदूळ आईसाहेबांच्या डब्यातले घेतले. त्यांनी विचारलं, कशाला? मी सांगितलं. त्या उठल्या, डोक्यावर पदर घेतला आणि नारळ स्वतःच्या हातात घेतला.

आम्ही पायऱ्यांपाशी पोचेपर्यंत गावाला वास लागला होता. दोन्ही आळ्या जमल्या, एक डावीकडं, एक उजवीकडं. मी खाली बसून खण अंथरायला लागले तशी शकू पुढं आली.

"आक्का, ओटी आपण... म्हंजे... सवाष्णीनं..." आणि ती थांबली.

"बोल की. कुंकू न्हाई म्हनून?"

ती खाली बघायला लागली.

मी म्हणलं, "आन ह्या राजवाड्याला कुठं हाय? राजं जाऊन किती वर्सं झाली? तवाधरनं त्यो माझ्यासारकाच हाय की. तुमी त्याची ओटी भरताच ना? मग मी त्याची भरली तर त्यो काय मला नावं ठिवणार हाय का?"

मालन म्हणाली, "पण पाळी कुणाची धरायची ही?"

"कुणाचीच न्हाई. मी कळंबीची. माझी बहीण आत हाय. तिच्या माहेरची मी एकटीच उरली."

शकू आणि मालननं एकमेकींकडं बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मग दोघींनी खरमाटेकडं बघितलं, कारण सरकारी माणूस तोच होता.

खरमाटेनं बराच विचार केला. म्हणाला, "स्थलांतर करणाऱ्या जिवांच्या बाबतीत, निरोप देणाऱ्याचं लग्न झालेलं असावं की नसावं, याबद्दल खात्याची काही अट नाही."

आईसाहेब म्हणाल्या, "मग आम्हीही भरतो." आणि त्यांनी खणावर नारळ ठेवला. एवढी वर्षं त्या ओटीच्या दिवशी खुर्चीवर बसून नुसत्या बघायच्या. तांदूळ मी घातले. दोन ओंजळी भरून घातले.

बायजा मोठ्या दारातनं खाली आली. तिचीही भरली. तिनं वाकून पाया पडायच्या आधी मी तिच्या हातात एक पुडकं दिलं.

"ह्ये काय?"

"शेवचा लाडू हाय. तुला न्हाई. तुझ्या त्या रताळ्याला दे. सांग, आक्कानं दिलाय."

तिनं पुडकं नाकाला लावलं. "आत काय घातलंस?"

"अख्खी मिरची. पाणी जवळ ठिवू नगंस तिच्या."

बायजा हसली, मग हसता हसता तिचं तोंड वाकडं झालं. तिनं माझा हात धरला. "आक्का, चल की. तू बी चल. वर जागा हाय. खाली बगायचं न्हाई एवढंच."

मी पायऱ्यांकडं बघितलं. खरं सांगते, पाय उचलला होता.

"मी आले तर हितं कोण बसंल?" मी म्हणलं. "तिकडं एक बसलीय. हिकडं एक पायजे का नको? उतरायचं म्हणजे काय निस्तं उतरायचं का तुमी?"

तिनं हात सोडला. तिला ते पटलं. कामाचं बोलणं तिला लगेच पटतं.

सकाळी राजवाडा उठला. आधी मागची बाजू, मग पुढची, मधे दम खाल्ला. खिडक्या उघडल्या त्या उघड्याच राहिल्या. शकू आणि मालन एकाच वळचणीला उभ्या होत्या आणि पापड आत घेत होत्या, कोणाचे कोणते ते न बघता. खरमाटे दुर्बीण लावून होता. आईसाहेबांनी डोळे मिटून घेतले, त्यांना नुसत्या बघण्यानंही घेरी येते.

ओटी भरल्यावर लेक त्यातले चिमूटभर तांदूळ परत घरात टाकते. सगळं घेऊन जात नाही, माहेर भरलेलं राहावं म्हणून. आम्ही उभ्या होतो तिथं, पतसंस्थेच्या वर राजवाडा आला तेव्हा तो जरासा कलला आणि वरनं तांदूळ पडले. माझ्या डोक्यावर पडले, पदरात पडले, नाकावर एक टोचला. लांब कुठल्यातरी खिडकीत पांढरं काहीतरी हललं. फडकं असेल नाहीतर तिचं डोकं.

तो पोस्टावरनं गेला, आटलेल्या तळ्यावरनं गेला, मग टेकडीएवढा झाला, मग घारीएवढा. मी बघत होते तोवर होता.

लोक पांगले. मी राजवाड्याच्या रिकाम्या जागेवर गेले. जमीन गार होती, अर्धं वर्ष तिला ऊन लागलेलं नसतं. दिवाणखाना जिथं असतो तिथं मी अंदाजानं जाऊन उभी राहिले, उत्तरेकडं तोंड करून.

त्या जागेत उन्हाळ्यात नगरपालिका काकडी लावते. पालिकेचा विष्णू लवटे खुरपं आणि बियांची पिशवी घेऊन आला. यंदा उशीर झाला म्हणून घाईत होता. वाफे आखत आखत माझ्यापाशी पोचला आणि थांबला.

"सरका, आक्का. काकडी लावायचीय."

"लाव की."

"तुमी मधी उब्या हायसा."

"मी उभी हाय तेवढी सोडून लाव."

त्यानं माझ्याकडं बघितलं, उत्तरेकडं बघितलं. मग माझ्या पायांभोवती खुरप्यानं एक गोल रेघ मारली आणि तिच्या पलीकडनं बिया टोचत पुढं गेला.